साक्षीदाराचे मौन
या क्रांती चौकातून अदालत रोडला वळणाऱ्या अनेकांची अशी समजूत असते की, वाटणीच्या दाव्यात ‘मृत्युपत्रावरची वडिलांची सही तुम्हीच केलीत ना?’ असा प्रश्न आला, तर राज्यघटनेच्या कलम २०(३)चे नाव घेऊन गप्प बसावे. ते संरक्षण गुन्ह्याचा आरोप असलेल्या व्यक्तीला आहे. दिवाणी दाव्यातील साध्या साक्षीदाराला, प्रश्न वादाशी संबंधित असल्यास, उत्तर द्यावेच लागते. १८७२च्या पुरावा कायद्याचे कलम १३२ हेच सांगत होते. १ जुलै २०२४पासून अमलात आलेल्या नव्या साक्ष अधिनियमाचे कलम १३७ही तेच सांगते. मात्र सक्तीने घेतलेले उत्तर फौजदारी खटल्यात त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. खोट्या साक्षीचा खटला तेवढा अपवाद. म्हणून आधी हरकत नोंदवावी, न्यायाधीशांनी आज्ञा केल्यावर बोलावे. आपणहून दिलेल्या उत्तराला ही ढाल मिळतेच, असे सर्व न्यायालयांनी मानलेले नाही.