जंगल मिळाले, भांडवलाचे काय?



सरकारने उद्योगधंदा करावा की नाही, हा प्रश्न अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्याने १९१८ साली मतपेटीतून सोडविला. मिनियापोलिसच्या धान्यव्यापाऱ्यांना कंटाळलेल्या शेतकऱ्यांनी राज्यघटना दुरुस्त करून राज्याला धंद्याचा अधिकार दिला. १९१९ मध्ये सरकारी बँक निघाली, १९२२ मध्ये पिठाची गिरणी. मधल्या काळात, १९२१ साली, मतदारांनी गव्हर्नरला परत बोलाविले. बँक मात्र मोडली नाही. बँक व गिरणी दोन्ही आजही चालू आहेत.

आपल्याकडे असे मत कोणी मागितले नाही. घटनेचे २९८वे कलम केंद्राला व राज्यांना व्यापाराची मुभा देतेच. १९६९ च्या कायद्याने तेंदूपानांचा व्यापार राज्याच्या हाती गेला, १९७४ मध्ये वनविकास महामंडळ आले. चंद्रपूर-गडचिरोलीचा आदिवासी मात्र पाने तोडणारा मजूरच राहिला, आणि बल्लारपूरच्या खासगी कागद गिरणीला सरकारी कराराने बांबू जात राहिला. मालकी सरकारी, नफा खासगी. काही मंडळी यालाही समाजवाद म्हणत!

२००६ च्या वनहक्क कायद्याने वाट मोकळी केली. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी वाहतूक परवान्यावाचून बांबू गावाबाहेर जाईना. ते परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हाती एप्रिल २०११ मध्ये आले. तेथे निर्णय सर्वसहमतीने होतात. म्हणजे ग्रामसभा हेही एक सरकारच, आणि तेही आता धंदा करू लागले.

अडते कोठे? तेंदूचा हंगाम उन्हाळ्यातील थोड्या दिवसांचा. मजुरी लगेच द्यावी लागते. मग पाने वाळवायची, पोत्यांत भरायची, गोदामात ठेवायची आणि भाव येईपर्यंत थांबायचे. थांबण्याची ऐपत म्हणजेच भांडवल. ते कंत्राटदाराजवळ असते, ग्रामसभेजवळ नसते. जंगल गहाण टाकता येत नाही, आणि टाकता येऊही नये. तारण म्हणून गोदामातील माल चालू शकतो. पण त्यासाठी आधी गोदाम हवे.

नॉर्थ डकोटाच्या शेतकऱ्यांनी गिरणीआधी बँक उभारली, ती उगाच नव्हे. हंगामापूर्वी मजुरीपुरते कर्ज व गोदामाच्या पावतीवर उचल, एवढेच ग्रामसभांनी जिल्हा सहकारी बँकेकडे मागावे. बँक हमी मागेल. ती राज्य सरकारने द्यावी. साखर कारखान्यांच्या कर्जांना हमी देताना सरकारचा हात फारसा अडखळलेला नाही.