मटकीची उसळ



आज आपण उसळीविषयी बोलू. तुम्ही म्हणाल, उसळ काय सांगायची? ती तर घरोघरी होते. होते खरी. पण पाहुणा आला की आपण तीच उसळ झाकून ठेवतो आणि बटाट्याची भाजी टाकतो. मटकी म्हणजे अडीनडीचे खाणे, असे मनात बसले आहे. आम्हाला हे पटत नाही.

मटकी हे कोरडवाहू रानातले पीक. पाऊस कमी आणि जमीन हलकी असली तरी ते तग धरते. १०० ग्रॅम मटकीत सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतात. प्रथिने म्हणजे अंगाची झीज भरून काढणारा भाग. ज्वारी-बाजरीतही ती असतात, पण त्यांत थोडी उणीव असते. ती कडधान्याने भरून निघते, आणि कडधान्यातली उणीव भाकरीने. भाकरी-उसळीची जोडी वाडवडिलांनी उगाच जमवलेली नाही.

पाच-सहा माणसांना पाव किलो मटकी पुरते. खडे निवडा, धुवा आणि सकाळी भिजत घाला. संध्याकाळी पाणी काढून ओल्या फडक्यात बांधा. उन्हाळ्यात दुसऱ्या सकाळी मोड येतात. थंडीत वेळ लागतो. पुरचुंडी चुलीजवळ उबेला ठेवावी. भिजूनही काही दाणे टणक राहतात. त्यांना गणंग म्हणतात. ते वेचून टाका, नाहीतर म्हाताऱ्या माणसाच्या दाताखाली नेमका तोच यायचा! मटकी बुळबुळीत लागली किंवा तिला घाण वास आला, तर ती वापरू नका. मोड आल्याने 'क' जीवनसत्त्व वाढते. शिजवताना त्यातले थोडे जाते, तरी मोडाची मटकी कच्ची खाऊ नये. पोट बिघडते, लहान मुलांचे तर लवकर.

तेलात मोहरी, हिंग, कांदा, ठेचलेला लसूण आणि हळद घाला. त्यावर मटकी परता. मग गरम पाणी घालून झाकण ठेवा. दाणा बोटाने दाबून पाहा. मऊ झाला की लहान मुलाची वाटी बाजूला काढा. आता तिखट, मीठ, शेंगदाण्याचे कूट, चिंचेचा कोळ आणि गुळाचा खडा घालून एक उकळी आणा. चिंच आधी घालू नका, दाणा लवकर शिजत नाही. खायचा सोडाही नको. त्याने दाणा लवकर मऊ होतो, पण जीवनसत्त्व नासते. खोबरे नसले तरी काही अडत नाही. घरात येसूर असेल तर चमचाभर लावा, रस्सा दाट होतो.

इथवर सगळे सोपे. अवघड आहे ते वाढणे.

आधी पुरुष जेवतात, मग मुले. घरची बाई सर्वांच्या मागून बसते. तोवर पातेल्यात दाणे संपलेले असतात, उरतो तो रस्सा. ती त्यात भाकरी कुस्करते आणि म्हणते, "मला रस्साच आवडतो." खरेच आवडत असेल का? सकाळपासून तिने पाणी भरले, रानात खुरपले, स्वयंपाक केला. अंगावर पिणारे मूल असेल तर तिला जास्तच खायला हवे. तिच्या वाट्याला नुसते पाणी आले, तर उसळ करून काय मिळवले?

आम्ही एवढेच सुचवतो. पातेले उतरले की पहिली वाटी तिची काढावी, दाण्यांसकट, आणि झाकून ठेवावी. ती स्वतः काढणार नाही, लाजेल. म्हणून सासूबाईंनी काढावी, नाहीतर नवऱ्याने. यावर पुरुषमंडळी हसतात, ते आम्हाला ठाऊक आहे. हसा, पण वाटी काढा. याला पैसा लागत नाही. माणसे वाढली आणि रस्सा वाढवावा लागला, तर तो सर्वांच्याच वाटीत सारखा वाढू द्या.

सकाळची उसळ उन्हाळ्यात रात्रीपर्यंत टिकत नाही. दोन्ही वेळा उसळच करायची असेल, तर निम्मी मोडाची मटकी ओल्या फडक्यात गार जागी ठेवा आणि संध्याकाळी ताजी शिजवा.