रुमालात बांधलेला मंगोलिया

मोडीशी, पोथ्यांशी झटणाऱ्या मित्रहो,

पहिले सत्र शागदरिन बिरा यांच्या कामावर आहे. ‘मंगोलियाचा इतिहासकार इथे कशाला?’ अशी कुजबुज मघाशी चहाच्या वेळी कानावर आली, म्हणून स्वागताची माझी मिनिटे मी बिरांनाच देतो.

बिरांचा जन्म १९२७चा. ते शाळकरी वयात असताना मंगोलियात मठ उद्ध्वस्त झाले, हजारो लामा मारले गेले. अशाच लामांनी सतराव्या शतकापासून देशाचा इतिहास तिबेटीत लिहून ठेवला होता. नव्या कम्युनिस्ट राजवटीत ती भाषा धर्माची, म्हणून संशयाची. तिकडे पाठ फिरवण्यातच शहाणपण होते. बिरांना ते सुचले नाही, हे आपले भाग्य! १९५७ साली तिबेटविद्येचे अभ्यासक युरी रोरिक भारतातून मॉस्कोला परतले आणि बिरा त्यांच्या हाताखाली तयार झाले. १९६० साली रोरिक वारले. त्याच वर्षी बिरांचे मंगोलांच्या तिबेटी इतिहासलेखनावरचे पुस्तक उलानबातरला निघाले.

या पोथ्या म्हणजे लांबट सुटी पाने, वर-खाली लाकडी फळ्या, भोवती कापड. पेशवे दप्तराचे रुमाल सोडणाऱ्यांना हे नवे नाही. सतराव्या शतकातल्या मंगोल इतिहासग्रंथांत चंगीज खानाची वंशावळ तिबेटी राजांमार्गे थेट भारतातल्या पौराणिक महासंमत राजाला जाऊन भिडते. भाकडकथा म्हणून कुणीही ते पान उलटले असते. बिरांनी मात्र ही वंशावळ कुणाला आणि कशासाठी हवी होती, ते शोधले. आपल्या बखरींनाही हाच प्रश्न विचारावा लागतो.

अशा कामाला दिवस बरे नव्हते. १९६२ साली चंगीजच्या जन्माची ८०० वर्षे साजरी करण्याचा घाट घातला गेला, मॉस्कोची इतराजी झाली आणि तोमोर-ओचिर यांच्यासारख्या बड्या नेत्याची पॉलिटब्युरोतून हकालपट्टी झाली. तरी १९६४ साली बिरांनी झावा दामदिन या लामाच्या ‘सुवर्णग्रंथा’वर पुस्तक काढले. तोच मूळ तिबेटी ग्रंथ त्याच वर्षी दिल्लीत अभ्यासक लोकेश चंद्रांनी छापला.

२०२२ साली बिरा गेले. मंगोल साम्राज्याच्या आकाशदेवतेत, ‘तेंगेर’मध्ये, जागतिकीकरणाची बीजे पाहणारा त्यांचा उतारवयातला सिद्धान्त मला जरा ताणलेला वाटतो. त्यावर आज इथे खडाजंगी व्हावी. अध्यक्षांनी सूत्रे हाती घ्यावीत, ही विनंती.