कार्बनची सायकल आणि विजेचे गियर

२००९ साली शिमानो कंपनीने ड्युरा-एस डीआयटू ही विजेवर गियर पालटणारी यंत्रणा बाजारात आणली, तेव्हा ती व्यावसायिक शर्यतपटूंचीच मिरास होती. परंतु २०२१ मध्ये स्रॅम कंपनीची विजेवर चालणारी रायव्हल आणि २०२२ मध्ये शिमानोची १०५ डीआयटू निघाल्यापासून, बेताच्या ऐपतीच्या हौशी सायकलस्वारालाही तिचा विचार करणे शक्य झाले आहे. कळ दाबताच चिमुकली मोटर साखळी सरकवते, त्यामुळे तार सैल पडून गियर चुकण्याची कटकट उरत नाही. बॅटरी चार्ज करण्याचे व्यवधान मात्र राखावे लागते. शिल्लक तुटपुंजी असेल, तर माझ्या मते विजेच्या गियरपेक्षा आपल्या उंचीला साजेशी फ्रेम आणि उत्तम टायर यांनाच अग्रक्रम द्यावा. तारेचे गियरही घाट चढतात. कार्बनच्या फ्रेमची जुनी सायकल घेताना विशेष सावधगिरी हवी, कारण कार्बन पोलादाप्रमाणे वाकून पूर्वसूचना देत नाही: पुढचा चिमटा, सीटची नळी आणि पेडलच्या आसाभोवतीचा भाग भरउजेडात न्याहाळावा, नाण्याने हलकेच ठोकून पाहावे, आणि खणखणीत नादाऐवजी एखाद्याच जागी बद्द आवाज उमटला, तर किंमत कितीही मोहक असो, सौदा तेथेच सोडावा.