अंतर कोणत्या वाटेने मोजायचे?

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आज मी भावावर नाही, अंतरावर बोलणार आहे. पण ऐकता ऐकता तुमच्या लक्षात येईल, विषय भावाचाच आहे.

नकाशावर दोन ठिपक्यांना पट्टी लावून ओढलेली रेघ म्हणजे हवाई अंतर. बैलगाडी आणि ट्रॅक्टर ज्या वाटेने जातात, ते सडकेचे अंतर. मध्ये नदी आली, टेकडी आली, की दोन्हींतला फरक वाढत जातो.

गवंडी पाया आखताना काटकोन कसा काढतो, ते तुम्ही पाहिले आहे. एका बाजूला तीन हात, दुसऱ्या बाजूला चार, की तिरपी दोरी पाच हात भरते. हाच हिशेब मोठा करू. समजा, गावाहून फाटा ८ किलोमीटर आणि तिथून काटकोनात वळून खरेदी केंद्र ६ किलोमीटर. गाडी चालली १४, कागदावर भरले १०. जाऊन-येऊन एका खेपेला ८ किलोमीटरचा फरक, पाच खेपांना ४०. हे भाडे कोण देतो? हमीभाव केंद्राच्या आवारात मिळतो, घराच्या दारात नाही. वाहतूक वजा जाता हाती उरेल, तोच आपला भाव. गावात आलेल्या व्यापाऱ्याला शेतकरी कमी भावात कापूस देऊन टाकतो, तो अडाणी म्हणून नव्हे. त्याला हा हिशेब येतो म्हणून.

सरकारला हवाई अंतर सोयीचे पडते. एकदा मोजले की वाद नाही. उसाचे उदाहरण घ्या. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात २००६ साली दुरुस्ती झाली आणि दोन साखर कारखान्यांत किमान १५ किलोमीटर अंतराची अट आली. महाराष्ट्राने ती पुढे २५ केली. हे अंतर सरळ रेघेचे. रंगराजन समितीने २०१२ साली ही अट काढून टाकायला सुचवले होते. ऊस मात्र सडकेनेच जातो, आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च उत्पादकाच्या बिलातून कापला जातो. रेघ कारखान्याच्या सोयीची, फेरा शेतकऱ्याच्या माथी.

हवाई अंतर सगळीकडेच चूक असते, असे नाही. पर्जन्यमापक आपल्या शिवारापासून किती लांब आहे, हे सरळ रेघेनेच पाहावे. ढग काही सडकेने येत नाही. पण जिथे माल वाहायचा आहे, तिथे माप सडकेचेच हवे.

म्हणून खरेदी केंद्राची मागणी करताना निवेदनात नुसते 'अंतर इतके' असे लिहू नका. नकाशा घ्या, सडकेच्या वळणावळणाने दोरा ठेवा, मग तो ताणून नकाशाच्या प्रमाणपट्टीवर मोजा. मोटारसायकलच्या काट्यावर ताळा करा. मोबाइलही अंतर दाखवतो, पण काळ्या मातीतली पांदण चिखलाने कधी बंद पडते, हे त्याला ठाऊक नसते. ते तुम्ही लिहा. हवाई अंतर, सडकेचे अंतर, चिखलाच्या दिवसांतला फेरा आणि क्विंटलमागे पडणारे भाडे, असे चार आकडे प्रत्येक गावाने काढावेत.

पुढच्या बैठकीला येताना हे चार आकडे कागदावर लिहून आणा. निवेदन त्यावरूनच करू.