पहिली कादंबरी आणि तीन अंगठे

(हिंगोली येथे वाचनप्रेमी मित्रांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर. वाचकांसाठी वक्त्याने तो नव्याने लिहून दिला आहे.)

ज्याची एकही कादंबरी अद्याप छापून आलेली नाही, त्याने कादंबरीलेखनावर भाषण करावे, हे तुम्हांस थोडे विचित्र वाटेल. मलाही तसेच वाटले, म्हणून निमंत्रण आले तेव्हा मी प्रथम नकार कळविला होता. मागाहून विचार केला की, नामवंत लेखकाच्या पहिल्या चुका त्याच्या छापील पुस्तकात दिसत नाहीत. माझ्या चुका मात्र अजून ओल्या आहेत. त्यांपैकी एक चूक एवढी मोठी होती की, ती केवळ लेखनाची राहिली नाही, माझ्या व्यवसायाचीही ठरली. तीच सांगण्यासाठी मी उभा राहिलो.

मी व्यवसायाने वकील आहे. हिंगोलीच्या न्यायालयात दिवाणी दावे चालवितो. वय पंचेचाळीस. विधी महाविद्यालयात मला करार, मालमत्ता, पुरावा व मुदत यांचे कायदे शिकविण्यात आले. कादंबरी कशी लिहावी हे कोणी शिकविले नाही. सहा वर्षांपूर्वी मी आपला आपण लिहावयास बसलो. पहाटे पाच ते सात ही माझी वेळ, आणि टंकलेखनात बिघडलेल्या कागदांची कोरी पाठ ही माझी वही. वकिलांच्या खोलीत ही बातमी पोहोचली तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी हसून म्हणाले, "साहेबांना नवी हौस लागलेली दिसते."

हौस हा शब्द मला तेव्हा बोचला. आज बोचत नाही. कारण मराठी कादंबरीचा आरंभच मुळी कादंबरीचे शिक्षण न मिळालेल्या माणसांनी केला आहे. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचा उल्लेख होतो, ती 'यमुनापर्यटन' १८५७ साली प्रसिद्ध झाली. तिचे लेखक बाबा पदमनजी यांच्यापुढे मराठी कादंबरीचा नमुनाच नव्हता. तीनच वर्षांपूर्वी, १८५४ साली, त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. हिंदू विधवांची दु:खे सांगावयाची होती, म्हणून त्यांनी लेखणी उचलली. सांगावयाचे आधी होते, कला मागून आली.

दुसरे उदाहरण तुम्हां सर्वांच्या परिचयाचे आहे. १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव येथे जन्मलेल्या अण्णा भाऊ साठे यांना शाळा जवळजवळ लाभलीच नाही. मुंबईत आल्यावर दुकानांच्या पाट्या व सिनेमांची भित्तिपत्रके वाचीत त्यांनी अक्षरओळख वाढविली. त्याच माणसाने तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. १९५९ साली आलेली 'फकिरा' त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीस अर्पण केली, आणि १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. तिसरे उदाहरण माझ्या व्यवसायातील आहे. आटपाडीचे शंकरराव खरात हे वकील. वकिली करून त्यांनी कथा व कादंबऱ्या लिहिल्या, १९८१ साली 'तराळ-अंतराळ' हे आत्मकथन प्रसिद्ध केले, आणि १९८४ साली जळगावच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. अशा माणसांच्या रांगेत शेवटी का होईना उभे राहावयास मिळत असेल, तर हौशी म्हणवून घेण्यात मला कमीपणा नाही.

आता माझ्या कादंबरीकडे येतो. मित्रांनी मला विचारले, "तुम्ही आत्मकथन का लिहीत नाही?" प्रश्न रास्त होता. १९७८ साली दया पवार यांचे 'बलुतं' आले, तेव्हापासून आमच्यापैकी कोणी लिहावयास बसला की तो आत्मकथनच लिहिणार, असे लोक गृहीत धरतात. त्या पुस्तकांचे ऋण मी मानतो. परंतु मला माझे आयुष्य सांगावयाचे नव्हते. मला एका वृद्धेचे आयुष्य सांगावयाचे होते, आणि ते एका दाव्यात माझ्यासमोर आले होते.

दावा थोडक्यात असा. हिंगोली जिल्ह्यातील एका खेड्यातील ही विधवा. तिने आपल्या शेतातील एक एकर जमीन विकण्याचे ठरविले. खरेदीखत झाले ते मात्र दोन एकरांचे. ती निरक्षर. खतावर तिचा अंगठा आहे. पुढे फेरफाराची नोटीस निघाली. तिच्यावरही अंगठा आहे. कित्येक वर्षांनी पुतण्याने सातबाराचा उतारा काढला, आणि तो तिला घेऊन माझ्याकडे आला. दस्त रद्द करून मागण्याचा दावा, वस्तुस्थिती कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो. आमच्या दाव्यातील म्हणणे असे की, बाई अडाणी व अज्ञान असून, दस्तात काय लिहिले आहे हे तिला सातबारा पाहीपर्यंत कळले नाही. न्यायालयाने नोटिशीवरील अंगठा पाहिला आणि दावा मुदतबाह्य ठरवून फेटाळला. कायद्याच्या दृष्टीने त्या निकालात खोट काढणे कठीण होते.

फाईल बंद झाली, पण ती बाई माझ्या मनातून गेली नाही. न्यायालयाने अंगठा कोणाचा एवढेच विचारले होते. त्या दिवशी ती घरून कशी निघाली, बरोबर कोण होते, घरी परतताना तिच्या मनात काय होते, हे विचारण्याचे न्यायालयाला कारण नव्हते. मला वाटले, कादंबरीला मुदतीचा कायदा लागत नाही. तेथे हा दावा पुन्हा चालविता येईल.

पहिला खर्डा तीन वर्षांत पुरा झाला. दोनशे चाळीस पाने भरली. त्याची भाषा आज वाचली की मला हसू येते. आमचा हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. तेव्हाच्या उर्दू कारभाराचे शब्द आमच्या कचेऱ्यांत अजून नांदतात. त्यांवर विधी महाविद्यालयातील मराठी चढली, आणि माझ्या कादंबरीची नायिका "सदरहू दिवशी आपल्या राहत्या घरातून" बाहेर पडू लागली. हा दोष मी ओळखला व सुधारला. कयाधूच्या काठी माणसे जशी बोलतात तशी ती बोलावीत, म्हणून मी बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर बसून नुसता ऐकत राहू लागलो. नव्याने लिहिणाऱ्यास यापेक्षा स्वस्त व चांगली शाळा मला ठाऊक नाही.

परंतु मोठा दोष माझ्या ध्यानात आला नव्हता. तो दुसऱ्या एका अडचणीमुळे उघडा पडला. अशिलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट वकिलाने बाहेर फोडू नये, हे बंधन १८७२ च्या पुरावा कायद्यात होते, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ते कायम आहे. मी गाव बदलले, पीक बदलले, नातीगोती बदलली. तरीही मनाला पटेना. माणसाचे दु:ख उचलून आपल्या पुस्तकात ठेवावयाचे आणि त्याला विचारावयाचेही नाही, हे कोणत्या न्यायात बसते? म्हणून एका रविवारी मी खर्डा घेऊन तिच्या घरी गेलो. आज मी हे सारे तुमच्यापुढे बोलतो आहे, तेही तिच्या संमतीने.

ती ओसरीवर बसून ऐकत होती. दुय्यम निबंधकाच्या कचेरीतील प्रकरण मी मोठ्या तळमळीने लिहिले होते. माझी नायिका तेथे उपाशीपोटी, थरथरत, खाली मान घालून उभी राहते. लेखनिक दस्त भराभर वाचतो. तिला एक अक्षर कळत नाही. कोणीतरी तिचा हात धरून अंगठा उठवितो. वाचून झाले. तिच्या डोळ्यांत पाणी येईल अशी माझी अपेक्षा होती. तिने विचारले, "मला येडी कामून केलंस, बाबा?"

मी गप्प राहिलो. ती म्हणाली, "म्या उपाशी नव्हते. भाकर खाऊन गेल्ते. त्यानं वाचलं तव्हा दोन एकर म्हन्लं, ते म्या ऐकलं की. म्या तितंच बोल्ले, एकच इकलंय, दोन कामून लिवलं? तर म्हन्ले, कागदात असंच लिवावं लागतंय. म्या दोनदा बोल्ले. कोन्ही लिवून घेतलंच नाही."

वाचकहो, मला तेव्हा कादंबरी आठवली नाही. मला माझा दावा आठवला. ती अडाणी, तिला काही कळले नाही, हे वाक्य कोणाचे? तिचे नव्हते. हकीकत पुतण्याने सांगितली, मी लिहिली. मुदतीच्या कायद्यात ती बसावी म्हणून तिचे अज्ञान आम्हांस सोयीचे होते. तिला मी समोर बसवून एक प्रश्नही विचारला नव्हता. दाव्याच्या शेवटी प्रतिज्ञेत लिहिले होते की, वरील मजकूर तिला वाचून दाखविला असून तो तिला मान्य आहे. तो माझ्या कारकुनाने घाईघाईने वाचला होता, आणि मी शेजारच्या टेबलावर दुसऱ्या फाईलमध्ये डोके घालून बसलो होतो. खाली तिचा अंगठा होता.

म्हणजे अंगठे दोन नव्हते, तीन होते. एक खरेदीखतावर, एक नोटिशीवर, आणि तिसरा माझ्या कागदावर. पहिला ज्यांनी घेतला त्यांच्यावर मी दोनशे चाळीस पाने रागावलो होतो. तिसऱ्याचा त्या पानांत उल्लेखही नव्हता. तिने खरे सांगितले असते तर दावा जिंकला असता, असे मी म्हणत नाही. कदाचित तो आणखी लवकर फेटाळला गेला असता. परंतु त्या कागदावर निदान तिचे बोलणे तरी राहिले असते.

घरी येऊन मी खर्डा पुन्हा चाळला आणि माझ्या नायिकेची वाक्ये मोजली. दोनशे चाळीस पानांत ती अकरा वाक्ये बोलली होती. त्यांपैकी चार वाक्ये "मला काय कळतं?" एवढीच होती. बाकी सर्व मी बोललो होतो.

येथे 'फकिरा' मला नव्याने समजली. पूर्वी मी ती गोष्टीसाठी वाचली होती. आता पाहिले, तो तिच्यात कीव कोठेही नाही. दुष्काळात माणसे उपाशी मरू लागतात तेव्हा अण्णा भाऊंचा नायक दयेची वाट पाहत नाही. धान्य लुटून आणतो. आपल्या माणसांना असहाय रंगविले की वाचकाला दया येते, आणि लेखकाला आपण मोठे समाजकार्य केल्याचे समाधान मिळते. परंतु दया घेणाऱ्याला मान खाली घालावी लागते. फलटणच्या बेबीताई कांबळे आपल्या दुकानात बसून गुपचूप लिहीत, आणि लिहिलेले कागद वर्षानुवर्षे घरच्यांपासून लपवून ठेवीत. १९८६ साली त्यांचे 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने आले. जिला बोलता येत नाही असे सगळ्यांनी धरून चालावे, ती बाई कोपऱ्यात बसून सर्व लिहून ठेवीत असते. आपणच ऐकावयास तयार नसतो.

म्हणून, तुमच्यापैकी कोणी पहिली कादंबरी लिहीत असाल तर माझे एवढेच सांगणे आहे. शाळेची, पदवीची, मुंबई-पुण्याच्या ओळखीची वाट पाहू नका. त्यांवाचून ज्यांनी लिहिले त्यांची नावे मी वर दिली आहेत. रोजची दोन तासांची वेळ ठरवा आणि ती मोडू नका. आपल्या गावचे बोलणे कानांनी गोळा करा. आणि ज्यांच्याविषयी लिहाल, त्यांच्यापुढे बसून ते वाचून दाखवा. तेही कारकुनासारखे भराभर वाचू नका. थांबा, आणि त्यांना मध्येच बोलू द्या. ज्याच्याविषयी लिहिले तो हयात नसेल, तर त्याला ओळखणाऱ्या कोणाला तरी वाचून दाखवा. असे वाचताना लाजेने मान खाली जाईल ते पान बहुधा खोटे असते.

मी माझी कादंबरी पहिल्या पानापासून पुन्हा लिहावयास घेतली. आता तिच्यात एक वकीलही आहे. पहिल्या खर्ड्यात तो नव्हता. तो दुष्ट नाही, कामसू आहे, आणि शेजारच्या टेबलावर बसलेला आहे. एकेक प्रकरण झाले की रविवारी मी ते तिच्या ओसरीवर वाचतो. नऊ प्रकरणे वाचून झाली. तिने बारा ठिकाणी मला थांबविले. त्यांपैकी दहा दुरुस्त्या मी केल्या. दोन ठिकाणी आमचा वाद अजून मिटलेला नाही. एक वाद कादंबरीच्या शेवटासंबंधी आहे. मी नायिकेस दावा जिंकवून दिला होता. ती म्हणते, "हारले ते हारलेच लिव. पर म्या बोल्ले व्हते, ते आधी लिव."

मी अजून ठरविलेले नाही. पुढच्या रविवारी पुन्हा जाणार आहे.