काठाची मळी

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं 57 फुटांची पातळी गाठली होती. तिथली धोक्याची पातळी 45 फूट आहे. उसाच्या पोंग्यात गढूळ पाणी शिरलं, शेंडे कुजले. पण ऊस पुन्हा लावता येतो. खरा घाव बसतो तो पूर ओसरताना. पाणी पिऊन जड झालेल्या मळीचा, म्हणजे काठाच्या गाळाच्या जमिनीचा, नदीकडचा आधार झपाट्यानं सुटतो आणि काठ झाडांसकट ढासळतो. मोटार, पाइपलाइनही जाते. सातबाऱ्यावर क्षेत्र तेवढंच दिसतं, जमीन मात्र नदीत गेलेली असते! म्हणून शेतकरी बंधू-भगिनींनो, पंचनाम्याच्या वेळी पिकाबरोबर वाहून गेलेल्या जमिनीचीही नोंद तलाठ्यांकडे आवर्जून करून घ्या. आणि काठाची माती धरून ठेवणारा बांबू, वाळा तोडू नका.